शिंपल्यांवरचा आळ

आमच्या शेतातल्या तळ्यात शिंपले सोडायची अक्कल माझी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण दोन वर्षं मी ती माझीच असल्यासारखी मिरवली. अक्कल होती एका भोईणीची. बार्शीटाकळीच्या आठवडी बाजारात ती मासळी घेऊन बसायची आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर मी आमच्या मळ्यातली वांगी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन. वयानं ती माझ्या आईएवढी होती. मी तिला मावशी म्हणायची आणि ती मला बाई म्हणायची. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

आम्ही माळी. सासूबाईंच्या गळ्यात माळ, घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती. सरकारी योजनेतून शेतात तळं खोदून झालं तेव्हा ते भाजीपाल्याच्या पाण्यासाठी म्हणूनच. त्यात मासे सोडायचं खूळ माझ्या नवऱ्याचं. तळ्यातलं काही उंबऱ्याच्या आत येणार नाही, या अटीवर सासूबाईंनी मान हलवली. रोहू-कतल्याची बोटभर पिल्लं सोडली. थोड्याच दिवसांत पाणी हिरवंगार झालं आणि मासे सकाळी सकाळी वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. मी बारावी पास, घरातली सगळ्यात शिकलेली, तरी मला काही सुचेना. शेवटी बाजारात मावशीला विचारलं. ती दुसऱ्या दिवशी चालत शेतावर आली, लुगड्याचा काचा मारून सरळ पाण्यात उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहून ओंजळीनं पाणी वर घेतलं आणि म्हणाली, "या पान्याले कोनी खानारं नाई, बाई."

चार दिवसांनी तिनं ओल्या पोत्यात नदीतले शिंपले आणले. नंतर आणखी दोनदा आणले. तिच्या आईच्या काळात नदीत पाय टाकला की शिंपला लागायचा म्हणे. आता ट्रॅक्टर लावून रेती उपसून नेल्यापासून एकेक शोधावा लागत होता. मोठे शिंपले तिनं तळाच्या चिकणमातीत पायानं दाबून बसवले. लहान जाळीच्या पिशव्यांत घालून बांबूला टांगले, कारण पुढेमागे खेकडे सोडले तर ते लहान शिंपले फोडून खातात. महिनाभरात पाणी निवळलं. शिंपला चिखलात अर्धा रुतून बसतो, तोंड किलकिलं करून पाणी आत घेतो, त्यातलं हिरवं खातो आणि उरलेलं पाणी बाहेर सोडतो. हे मी वहीत लिहून काढलं, तारीख घालून. लिहिलं म्हणजे आपलं झालं, असा माझा समज असावा.

दुसऱ्या पावसाळ्यात तिनं खेकडे आणले, काळे, नदीचे. एका कोपऱ्यात जुन्या प्लास्टिकच्या कागदाचं आत झुकलेलं कुंपण केलं, म्हणजे ते चढून जाणार नाहीत. लपायला फुटकी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, टाकली. खेकड्यांनी टाकलेलं, माशांनी टाकलेलं, सगळं शिंपले निस्तरत होते, आणि तिघं एकाच पाण्यात सुखानं राहत होते. मेहनत आणि खेकडे-शिंपले तिचे, तळं आणि पाणी आमचं, निम्मी बटई, म्हणजे येईल ते अर्धंअर्धं. अकोल्याचा एक मासळीवाला खेकडे घेऊन जायला तयार झाला होता.

पण मावशीचं लक्ष खेकड्यांच्या पलीकडे होतं. आमच्या गावात आणखी तिघांची तळी होती. एक निवृत्त गुरुजी, एक लिंबाच्या बागेवाले आणि एक आमचेच भाऊबंद. तिघंही येऊन आमचं तळं बघून गेले होते आणि दिवाळीपर्यंत इथलं नीट निघालं तर आपापली तळी तिला बटईनं द्यायला तयार होते. चार तळी मिळाली असती तर तिला, तिच्या मुलाला आणि सुनेला वर्षभराचं काम होतं. नाही तर दरवर्षीसारखं दिवाळीनंतर ठेकेदाराच्या गाडीत बसून वीटभट्टीवर. नदीत काही उरलं नव्हतं. हे ती मला अनेकदा बोलून दाखवायची, आणि मी मोठेपणानं म्हणायची, होईल मावशी, काळजी करू नका.

आता ज्या सकाळी सगळं बिघडलं ती सकाळ. त्याच्या आधी सासूबाईंचा एक नियम सांगायला हवा. त्या वर्षांत आमच्या भागात कीटकनाशकाचा डबा घरात ठेवायला बायका भीत होत्या. त्याला सगळे औषधच म्हणायचे, अजूनही म्हणतात. आमच्या गल्लीतल्या एका घरात त्या डब्यानं माणूस गेला होता. तेव्हापासून सासूबाईंनी ठरवलं की डबा, पंप, बादली, काहीही घरी यायचं नाही. फवारायचं तेवढंच आणायचं, शेतातच संपवायचं, पंप शेतातच धुवायचा आणि तिथल्या खोपडीत, म्हणजे शेतातल्या झोपडीत, कुलपात ठेवायचा. नियम चांगला होता. त्याला कोणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही, आणि गल्लीतल्या दोनतीन घरांनी तो उचललाही. धुवायचं ते बांधापलीकडच्या नाल्यावर, हेही ठरलेलं होतं. नाला उतरून जायला दहा मिनिटं लागत.

त्या दिवशी नवऱ्यानं वारा पडलेला असताना पहाटेपासून कपाशी फवारली आणि पंप माझ्या हवाली करून तो बैलाच्या औषधपाण्याला गेला. मला अकोल्याला जायचं होतं. शेतकरी महिलांचा मेळावा होता आणि त्यात आमच्या तळ्यावर मी बोलणार होते. नवं लुगडं पिशवीत होतं, एसटीची वेळ जवळ आली होती. नाल्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि तळ्याच्या काठावरच्या दगडावर बसून पंप तीनदा खंगाळला. बादलीही खंगाळली. काठावर ओतलेलं पाणी उतारानं तळ्यातच गेलं. पांढरा फेस उठला, पसरला आणि दिसेनासा झाला. विहिरीवर कोणी पंप धुतला असता तर मी त्याचा जीव घेतला असता. तळ्याचं पाणी आम्ही पीत नव्हतो, एवढाच विचार तेव्हा डोक्यात आला. खेकडे, मासे, शिंपले तेच पाणी पितात, हे मी दुपारी माइकवर सांगणार होते.

सांगितलंही. शिंपला पाणी कसं साफ करतो, त्याच्यामुळे खेकडे आणि मासे एकत्र कसे राहतात, आम्ही हा प्रयोग कसा केला. आम्ही म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नारळ आणि रुमाल मिळाला. परतीच्या एसटीत नारळ मांडीवर घेऊन बसले होते आणि खरं सांगायचं तर मला फार छान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात गेले तर मावशी पाण्यात उभी. टांगलेली एक जाळीची पिशवी वर काढून तिनं एकेक शिंपला बघितला, परत पाण्यात सोडला आणि वाट बघत राहिली. मग पायानं तळाचे चाचपले. सगळे तोंड मिटून बसले होते. शिंपल्याला हात लागला की तो मिटतो, पण घटकाभरानं पुन्हा किलकिला होतो. हे होत नव्हते. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "पान्यात काई पडलं काय, बाई? खरं सांगजा. पडलं असन त आत्ताच खेकडे, मासे उचलू, हौदात टाकू. लाईट आली का विहिरीचं पानी सोडू."

मी म्हटलं, "काई नाई पडलं."

हे तीन शब्द मी का बोलले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नवऱ्याची भीती नव्हती, तो रागावला असता आणि विसरला असता. सासूबाईंचीही नव्हती, नाल्यावर का गेली नाहीस म्हणून चार शब्द सुनावले असते. कारण फार हलकं होतं. नारळ अजून देवापुढे होता. कालच ज्या गोष्टीवर मी भाषण ठोकलं, तीच गोष्ट मला कळलेली नव्हती, आणि हे मला एका अंगठा लावणाऱ्या बाईसमोर कबूल करायचं नव्हतं. शिवाय वाटलं, एवढंसं पाणी, एवढं मोठं तळं, काय होतंय.

तळ्याच्या मालकिणीनं नाही म्हटल्यावर मावशीला आमचा हौद उघडता येत नव्हता. ती पुन्हा खाली वाकून शिंपले चाचपू लागली.

दुपारनंतर खेकडे कवेलूंखालून बाहेर आले. खेकडा दिवसा उघड्यावर येत नाही. ते येत होते, वाकडे चालत होते, उलटे पडत होते आणि पाय हलवत राहत होते. मावशीनं आणि तिच्या सुनेनं मला न विचारता ते टोपल्यात भरून हौदात टाकले, पण तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी मासे वर आले. तिसऱ्या दिवशी पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. शिंपले सगळ्यांत शेवटी गेले. मिटून मिटून किती दिवस बसणार? ते उघडे पडले आणि मग जो वास सुटला तो बैलगाडीच्या वाटेपर्यंत येत होता.

वासानं लोक आले. ते तिघंही आले. गुरुजींनी नाकाला रुमाल लावला होता. काठावर उघड्या शिंपल्यांचा ढीग होता, मावशी आणि तिची सून ते बाहेर काढून टाकत होत्या. गुरुजींनी मला विचारलं की हे झालं कसं. मी शिकलेली, मेळाव्यात बोलून आलेली, म्हणून मला विचारलं. मावशी तिथेच होती, तिला नाही विचारलं. नवरा माझ्या शेजारी उभा होता. मला माहीत नाही असं मी म्हणू शकले असते. तेवढंसुद्धा जमलं नाही, कारण उत्तर येत नाही असं म्हणणं मला कधी जमलेलंच नाही. मी शहाणपण पाजळलं. म्हटलं, "शिंपले सडले. त्यायनंच पानी नासवलं."

कोणी शंका घेतली नाही. वास शिंपल्यांचाच होता. लिंबाच्या बागेवाले म्हणाले की नदीची घाण तळ्यात आणायचीच कशाला. आमचे भाऊबंद म्हणाले, बरं झालं आपण थांबलो. मावशीनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि टोपलं उचलून ढिगाकडे गेली. मला त्या वेळी वाटलं, सुटले. लाज त्या वेळी वाटली नाही, हेच आता सगळ्यांत जास्त लागतं.

आठवड्यानं ती तिच्या जाळ्या आणि बांबू न्यायला आली. मी एकटीच होते, वांगी तोडत होते. तिनं सगळं बांधून घेतलं आणि मग माझ्या ओळीच्या टोकाशी येऊन उभी राहिली. म्हणाली की दगडावर पांढरं सुकलेलं होतं आणि वासही होता, तिला त्याच सकाळी समजलं होतं. माझ्या हातातलं वांगं हातातच राहिलं. मी विचारलं, मंग मले काहून इचारलं? ती म्हणाली, "तुमच्या तोंडून यावं म्हनून. मी बोलले असते त लोक म्हनले असते, भोईन आपलं पाप मालकिनीवर ढकलून रायली."

मी रडले. खरंच रडले, नाटक नव्हतं. माफी मागितली. ती ऐकून घेत होती, पण त्यात तिला फारसा रस दिसला नाही. तिला एकच हवं होतं. मी त्या तिघांना सांगावं. गावाला नाही, पंचायतीत नाही, नुसतं त्या तिघांना, तेही एकेकट्याला. मग ते तळी देतील आणि तिच्या घरचे भट्टीवर जाणार नाहीत. ठेकेदाराची गाडी दिवाळीनंतर पाचव्या दिवशी येणार होती. मी तिचा हात धरून शब्द दिला.

गुरुजींकडे मी दुसऱ्याच दिवशी गेले. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणून बघितलं. त्यांच्या मंडळींनी चहा ठेवला. बसते न बसते तोच गुरुजी म्हणाले, "सूनबाई, तुमच्यामुळे वेळेवर समजलं. नाई त मी शब्द देऊन बसलो होतो तिले. शिकलेलं मानूस गावात असलं म्हंजे असा फायदा होते." त्यांच्या मंडळींनी कौतुकानं माझ्याकडे बघितलं. मी कपाशीचं विचारलं. त्यांच्या नातवाच्या शाळेचं विचारलं. चहा पिऊन घरी आले. बाकीच्या दोघांकडे गेलेच नाही.

दिवाळीच्या आधीच्या बाजारात मावशी तिच्या जागेवर होती. थोडीशी मासळी मांडली होती, कुठल्या तरी धरणावरून आणलेली. गर्दी होती, माझ्यापुढेही दिव्यांच्या सणाची गिऱ्हाइकं होती. तिनं तिथूनच माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावून विचारलं. सांगितलं का, एवढाच त्याचा अर्थ. आणि मी मान हलवली. हो म्हणून. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं आणि लगेच एका गिऱ्हाइकाला वांगी तोलून द्यायला लागले. सणानंतर सांगूच, असं मी मनाशी म्हटलं. सण गेला.

ठेकेदाराची गाडी आली आणि गेली. माझ्या मान हलवण्यावर विसंबून तिच्या घरचं कोणी गाडीत बसलं नाही. ती, मुलगा आणि सून गुरुजींच्या निरोपाची वाट बघत राहिले. तिनं मुलाला जाळ्या दुरुस्त करायला बसवलं होतं, हे मला नंतर तिच्या सुनेकडून समजलं. आठदहा दिवस वाट बघून ती स्वतः गुरुजींच्या दारात गेली. गुरुजी चांगले माणूस होते, ते ओरडले नाहीत. त्यांनी अंगणातून तिला समजावून सांगितलं की बाई, आम्ही तुला तळं देऊ शकत नाही. माळ्याच्या सूनबाईच येऊन गेल्या, चहा घेतला, त्या काही वेगळं बोलल्या नाहीत.

पुढच्या बाजारी ती आली तेव्हा तिच्याजवळ मासळी नव्हती. ती माझ्यासमोर उभी राहिली. आता शिव्या देईल, चारचौघांत सगळं बोलेल, असं मला वाटलं. त्याही वेळी मला माझ्याच अब्रूची भीती वाटत होती, तिचं काय झालं हे नंतर डोक्यात आलं. ती हळूच बोलली, शेजारच्या लसूणवाल्यालाही ऐकू गेलं नसेल. "नाई सांगितलं म्हनून मान हलवली असती तरी चाललं असतं, बाई. आमी गाडीत बसलो असतो."

ती गेली. त्या वर्षी त्यांचं घर कुठे कुठे मजुरीला फिरलं हे मी कानावर येईल तेवढंच ऐकलं, विचारायला गेले नाही. पुढच्या वर्षी तिच्या जागेवर दुसराच कोणी बसायला लागला.

आमच्या गावात आजही कोणी तळ्यात शिंपले सोडत नाही. शिंपल्यानं पाणी नासतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मध्यंतरी एक तरुण कृषी सहायक आला होता, तो शिंपल्यांचं काही सांगायला लागला तर लिंबाच्या बागेवाल्यांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले की आमच्याकडे अनुभव आहे, या ताईंना विचारा. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, बरीच वर्षं झाली, आता नीटसं आठवत नाही.

गुरुजी वारले. बाकीचे दोघं अजून आहेत. एकाचं घर आमच्या घरापासून चौथं आहे.